चारवाले, पाचवाले आणि अक्का

काळावर मात करण्याचे माणसाने आजवर दोनच प्रयत्न मनापासून केले आहेत. पहिला, दगडावर स्वतःचे नाव कोरून ठेवण्याचा. दुसरा, ‘मधला मजला’ हा चित्रपट. पहिल्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. दुसरा बहात्तर मिनिटांचा आहे, त्यातली एकोणीस मिनिटे मिट्ट काळोखात आहेत, आणि ज्याने तो काढला तो गेली अठरा वर्षे पत्र्याची छपरे विकतो.

गोष्ट तशी सोपी आहे, म्हणजे सुरुवातीला. एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकतो. सतरा मिनिटे तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. सुटून बाहेर येतो तर बाहेर पुन्हा सकाळ झालेली, आणि खालून हत्यारांची पिशवी घेऊन तो स्वतःच लिफ्ट दुरुस्त करायला येतोय. पुढे हा त्याला चुकवतो, की अडवतो, की त्याच्या जागी परत आत शिरतो, हे कळत नाही, कारण नेमके तेव्हाच लिफ्ट इतकी खडखडते की कोण काय बोलले ते ऐकू येत नाही. शेवटी सगळा काळोख. एक टॉर्च लागते. जिन्याच्या भिंतीवर सावल्या पडतात. संपले.

त्या सावल्या चार आहेत की पाच, यावर शहाण्यासुरत्या माणसांनी बावीस वर्षे घालवली होती.

आणि त्या लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस म्हणजे आपले मिस्त्री. हे नट नव्हेत. दिग्दर्शकाला नट परवडत नव्हता आणि लिफ्टच्या मोटारीच्या खोलीची किल्ली मिस्त्रींकडे होती. दोन्ही अडचणी एकाच माणसात मिटल्या. शिवाय मिस्त्रींच्या कंपनीचे निळे गणवेश होते, चार. एक त्यांनी घातला आणि उरलेले तीन दिग्दर्शकाने, त्याच्या मेहुण्याने आणि आवाज टिपणाऱ्या पोराने, म्हणजे एकाच माणसाचे चार अवतार झाले. चित्रपट एका थिएटरात चार दिवस चालला. पाचव्या दिवशी थिएटरवाल्याने पंखे दुरुस्तीला काढले.

तिथे हे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण त्या चार दिवसांत जी माणसे आत गेली होती, ती बाहेर आली ती वेगळीच होऊन. त्यांनी मंडळ काढले. स्वतःला ते ‘मधले’ म्हणवून घेत. ऐन भरात होते तेव्हा दोनशेवर होते. लवकरच त्यांच्यात चारवाले आणि पाचवाले अशा दोन फळ्या पडल्या. एका चारवाल्याच्या मुलीचे लग्न पाचवाल्याच्या घरात ठरले तेव्हा दोन्ही बापांनी सावल्यांविषयी बोलायचे नाही असे आधी लिहून घेतले होते, आणि तरीही जेवणाच्या वेळी बोलले.

दरवर्षी एका ठरलेल्या रविवारी हे सगळे त्या इमारतीत जमत. इमारत चार मजल्यांची, मधोमध जाळीच्या दाराची लिफ्ट आणि तिला वेटाळून वर जाणारा अरुंद जिना. प्रत्येक जण पाळीपाळीने लिफ्टमध्ये शिरे, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये लाल बटण दाबून ती थांबवी आणि सतरा मिनिटे भिंतीकडे तोंड करून उभा राही. बाहेर आल्यावर काय वाटले ते सांगायचे नाही असा नियम होता. बरेच जण पाय दुखले असे सांगत.

मिस्त्री आता अठ्ठावन्न वर्षांचे झाले होते आणि थकले होते. कामाचा थकवा त्यांना ओळखीचा होता. तो रात्री झोपला की जाई. हा जात नसे. कुठल्याही इमारतीत स्क्रू पिळायला गेले तरी कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवून हळूच विचारी, “तुम्ही नेमके कितवे?” सुरुवातीला ते म्हणत, “पहिल्यापासून मीच येतो इथं.” मग लक्षात आले की हे उत्तर लिहून घेतात. तेव्हापासून ते नुसते “हं” म्हणत. ‘हं’वरही मंडळाच्या अंकात अडीच पाने आली होती.

पण खरी गोम दुसरीच होती, आणि ती फक्त मिस्त्रींना ठाऊक होती.

चित्रपटात तिसरा मजला ओलांडताना लिफ्ट ‘कुर्र’ करते. ही कुर्र मंडळींना प्राणापलीकडे प्रिय. मिस्त्रींनी तिसऱ्या वर्षी झिजलेला भाग बदलला, तेल घातले आणि कुर्र गेली. कोणताही कारागीर याला दुरुस्ती म्हणतो. त्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष, जे धंद्याने चष्मेवाले होते, लिफ्टमधून उतरले ते थेट पायरीवर बसले.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “ती गेली.”

मिस्त्रींना वाटले घरातले कोणी गेले. त्यांनी टोपी काढली. कोण गेले ते कळल्यावर पुन्हा घातली. पण माणूस खरोखर रडत होता. मिस्त्रींना दुसऱ्याचे रडणे बघवत नसे. ती त्यांची जन्माची खोड. पुढच्या रविवारी कोणी उठायच्या आत ते आले, बिस्किटाच्या डब्याचा पत्रा बोटभर कापला आणि केबिनला घासेल अशा बेताने तिसऱ्या मजल्याजवळ स्क्रूखाली अडकवला. कुर्र परत आली. चष्मेवाल्यांनी सगळ्या इमारतीला चहा पाजला.

एकोणीस वर्षे ती कुर्र बिस्किटाच्या डब्याची होती. दरम्यान मिस्त्रींनी दोर बदलले, मोटार बदलली, बटणांची पट्टी बदलली, दार बदलले. प्रत्येक वेळी नव्याला घासून जुने दिसेल असे केले आणि कोणाला बोलले नाहीत. मूळ लिफ्टमधले आता त्या लिफ्टमध्ये काही उरलेच असेल तर ती हवा, आणि तीसुद्धा खेळती होती.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हातून वेळेवर झाली नाही. लाल बटण दाबून दाबून मधल्यांनी ब्रेक खाल्ला. सात महिन्यांपूर्वी लिफ्ट इमारतीच्या सेक्रेटरींना घेऊन तिसऱ्यावरून अलगद दुसऱ्यावर घसरली. सेक्रेटरींना पत्ता लागला नाही. ते खालच्यांच्या कुलपाला स्वतःची किल्ली लावत पाच मिनिटे उभे होते. मिस्त्रींनी त्याच दिवशी लिफ्टला टाळे ठोकले. इमारतीने नवी लिफ्ट ठरवली. तेवढ्यात मंडळाचा अर्ज नगर कार्यालयात गेला, आणि तिकडून पत्र आले: सदर लिफ्ट हा शहराचा ठेवा असल्याने चौकशी होईपर्यंत मूळ वस्तूला कोणी हात लावू नये. चौकशीला एक अधिकारी आलेही होते. लिफ्ट बंद आहे म्हटल्यावर चार मजले कोण चढणार, म्हणून खालूनच परत गेले.

आणि चौथ्या मजल्यावर अक्का राहत होती.

अक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. वय एकोणसत्तर, खुबा निकामी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ शाबूत. सात महिन्यांत ती उंबऱ्याच्या पलीकडे चार पावले गेली नव्हती.

शनिवारी दुपारी मिस्त्री तिच्यासाठी भाजी आणि औषधे घेऊन चढले आणि दारातल्या स्टुलावर दम खात बसले.

“कोण, धाकटा का?” अक्काने विचारले. “मला हल्ली सगळे वाफेतून आल्यासारखे दिसतात. काही जणांच्या बाबतीत ते बरंच आहे म्हणा.”

“अक्का, उद्या पाचच्या आत दवाखान्यात दाखल व्हायचंय.”

“मला काय सांगतोस? मी पिशवी भरून ठेवलीय. मला खाली न्यायचं तुझ्याकडे आहे.”

डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख दोनदा हुकली होती. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या होत्या, या खेपेला चुकलात तर पुढची आठ महिन्यांनी, आणि डॉक्टर म्हणाले होते, आठ महिन्यांनी आणू नका, उपयोग नाही. मागच्या वेळी दोन माणसे खुर्ची घेऊन आली होती. त्यांनी जिन्याचे वळण बघितले, अक्काला बघितले, पुन्हा वळण बघितले आणि चहासुद्धा न घेता गेली.

“ती लिफ्ट एक खेप चालव की,” अक्का म्हणाली. “एवढीशी.”

“ब्रेक गेलाय तिचा.”

“मग हळू चालव.”

“अक्का, जिचा ब्रेक मी डोळ्यांनी बघितलाय तिच्यात मी मांजरसुद्धा बसवणार नाही.”

“मांजर कशाला बसेल? त्याचे पाय धड आहेत.” अक्काने औषधाच्या पुड्या हाताने चाचपून मोजल्या. “तू त्यांच्या सिनेमात होतास ना? मग सांग की त्यांना, अर्ज मागे घ्या म्हणावं.”

“माझं ऐकत नाहीत ते. मी सिनेमात जे बोललोय तेवढंच ऐकतात.”

“काय बोललास सिनेमात?”

“ऐकू येत नाही.”

अक्काने पुड्या पिशवीत टाकल्या. “मी दोनदा बघितला तो. दोन्ही वेळा आठव्या मिनिटाला डोळा लागला. झोप मात्र काय लागते रे त्यात! गोळी घेऊनही लागत नाही अशी.”

मिस्त्री उठले, गुडघे धरून खाली उतरले आणि चष्मेवाल्यांच्या दुकानात गेले.

दुकान लहान, काचेचे, स्वच्छ. डोळे तपासायच्या पाटीवर इतरत्र अक्षरे असतात. इथे सगळ्यात खाली चित्रपटातल्या शेवटच्या दृश्याचा फोटो चिकटवलेला होता. चष्मेवाले गिऱ्हाइकाला विचारीत, “किती सावल्या दिसतात?” ते स्वतः कट्टर पाचवाले. चार म्हणणाऱ्याला नंबर वाढल्याचे सांगत. गावात बरेच चारवाले जाड भिंगांचे चष्मे लावून फिरत ते यामुळेच.

“मिस्त्रीसाहेब!” ते उभे राहिले. त्यांचेही केस आता उरले तेवढे पांढरे होते. “उद्या येताय ना? लिफ्ट नाही तरी जिन्यात उभं राहायचं ठरलंय.”

“तुमचा अर्ज मागे घ्या,” मिस्त्री म्हणाले. “माझ्या बहिणीला वर-खाली करता येत नाही.”

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. अक्काचे डोळे त्यांनीच तपासले होते, चार मजले चढून, फुकट, आणि ऑपरेशन करा असेही त्यांनीच लिहून दिले होते. आपला अर्ज आणि आपली चिठ्ठी एकाच जिन्यात आमनेसामने येऊन अडल्या आहेत हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण तेही त्यांना चित्रपटातलेच वाटत असावे.

“एक सांगू?” ते भिंग पुसत म्हणाले. “मी तो बघितला तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. तोवर मला काहीच कळायचं नाही. हिशेब कळायचे नाहीत, वडील कळायचे नाहीत, बायको काय म्हणते ते कळायचं नाही. लोक म्हणायचे, तुझं लक्ष नसतं. मग हा सिनेमा बघितला, आणि पहिल्यांदा सगळ्या थिएटरलाच काही कळलं नाही. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! बावीस वर्षं त्या हलकेपणावर काढली.” त्यांनी भिंग खाली ठेवले. “पण आता मीही थकलोय, मिस्त्री. एकदा काय ते सांगून टाका. चार की पाच? खरं उत्तर मिळालं की लिफ्ट राहिली काय अन् गेली काय. अर्ज मागे घेतो.”

पाच म्हणावे आणि मोकळे व्हावे, असे मिस्त्रींच्या ओठावर आले होते. पण अर्जावर नऊ चारवाल्यांच्याही सह्या होत्या. पाच म्हटले तर ते हटणार नाहीत, चार म्हटले तर हे. खोटे बोलून काम होत असेल तर माणूस बोलतो; खोटे बोलूनही होणार नसेल तर निदान खरे तरी शोधावे. त्यांनी बाहेर येऊन दिग्दर्शकाला फोन लावला.

“बोला, कुठली साइज हवी?” पलीकडून आवाज आला.

“मी मिस्त्री. तो शेवटचा सीन. सावल्या किती होत्या रे?”

बराच वेळ पलीकडे पत्रे उतरवल्याचा आवाज येत राहिला.

“मला वाटलं तुला माहितीये,” दिग्दर्शक म्हणाला.

“मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, कानांत कापूस घालून.”

“मी सांगितलं होतं तसं? छान सांगितलं होतं की! हे बघ, गणवेश चार होते म्हणजे आपण चार. पण सावलीला गणवेश लागत नाही म्हणा. दिवे एकदम गेले, ते आठवतं मला. कोणीतरी येऊन काहीतरी बोलत होतं, आम्ही ‘शू’ केलं. की ते दुसऱ्या सिनेमात? नाही, दुसरा काढलाच नाही मी.” तो थांबला. “गळतीबिळती असेल कुठं तर सांग. ओळखीत स्वस्त करून देईन.”

रविवार उजाडला. साडेतीनला मधले जमले. दोनशेतले एकोणीस उरले होते. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या कमरेला पट्टा. जिना चढायला त्यांना पंचवीस मिनिटे लागली. दुसऱ्या मजल्यावर दोघांनी चित्रपटाचा विषय सोडून रक्तदाबाचा काढला आणि सगळ्यांनी त्यात मनापासून भाग घेतला. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये पोचल्यावर डावीकडे चारवाले, उजवीकडे पाचवाले असे उभे राहून सगळ्यांनी भिंतीकडे तोंडे केली. सतरा मिनिटे सुरू झाली. एका जिन्यात एकोणीस पोक्त माणसे भिंतीकडे तोंड करून उभी आहेत, हे कोणी परक्याने पाहिले असते तर यांनी काय गुन्हा केला आहे असे त्याने नक्की विचारले असते.

मिस्त्री त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिले. चार वाजून दोन मिनिटे. वर अक्का पिशवी भरून बसलेली. दवाखान्यापर्यंत वीस मिनिटे. त्यांना बोलायचा कंटाळा आला होता, आणि न बोलण्याचाही.

“ऐका,” ते म्हणाले.

नियम मोडून एकोणीस माना वळल्या. मिस्त्रींनी खिशातून काळा पडलेला, बोटभर लांबीचा पत्रा काढला. सकाळीच त्यांनी तो स्क्रू सोडवून काढून आणला होता.

“ही तुमची कुर्र,” ते म्हणाले. “बिस्किटाच्या डब्याची आहे. खरी कुर्र एकोणीस वर्षांपूर्वी गेली. मी तेल घातलं आणि गेली. हे रडायला लागले म्हणून मी हा पत्रा लावला. दोर बदललेत, मोटार बदललीय, बटणं, दार, सगळं बदललंय. तुम्ही जिच्यासाठी अर्ज केलाय ती लिफ्ट इथं नाहीच. उद्या मी तसं कार्यालयाला लिहून देतो. माझ्या बहिणीला मोकळं करा.”

चष्मेवाल्यांनी पत्रा हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा धरला. मिस्त्रींना वाटले, आता परत रडणार, आणि आता मात्र माझ्याकडे पत्रा नाही.

“म्हणजे,” चष्मेवाले हळूहळू म्हणाले, “आवाज आधी होता. मग गेला. आणि जो माणूस सिनेमात त्या आवाजातून मागे आला, त्यानंच परत येऊन, स्वतःच्या हातानं, तोच आवाज पुन्हा…”

“अरे बाप रे,” कोणीतरी म्हणाले.

“वर्तुळ पुरं झालं!” दुसरा म्हणाला. “सिनेमा बाहेर चालू आहे. बावीस वर्षं चालूच आहे!”

“म्हणजे पाच,” उजवीकडून आवाज आला.

“कसले पाच? हा तर चारचा पुरावा आहे,” डावीकडून आला.

एका म्हाताऱ्या चारवाल्याने मिस्त्रींच्या पायांना हात लावायला वाकायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून तसाच राहिला. पत्रा हातोहात फिरू लागला. त्याच्यावर बिस्किटाच्या नावाची अर्धी अक्षरे होती, ती कोणी वहीत उतरवून घेऊ लागले. मिस्त्री पायरीवर बसले. खरे बोलल्याचा आपल्याला एवढा मनस्ताप होईल याची त्यांना कल्पना नव्हती.

तेवढ्यात वर कडी वाजली.

“काय गलका लावलाय रे!” अक्काचा आवाज आला. “सव्वाचार झाले की!”

ती काठी टेकत चौथ्या मजल्याच्या कठड्यापाशी आली. ऑपरेशननंतर पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही असे दवाखान्याने बजावले होते म्हणून तिने केस धुतले होते, आणि ओल्या केसांवर टॉवेल गुंडाळून त्याचा भलामोठा बुचडा बांधला होता. तिच्या पाठीशी जिन्याची पश्चिमेची खिडकी होती. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती.

समोरच्या भिंतीवर सावली पडली.

खाली निमुळती, खांदे उतरलेले, आणि डोक्यावर हा एवढा गोल घुमट. मंडळाच्या अंकात पाचव्या सावलीच्या या घुमटाला ‘शिरस्त्राण’ म्हणत. हे शिरस्त्राण कोणत्या शतकातले, यावर दोन विशेषांक निघाले होते. चारवाले म्हणत ती सावलीच नाही, भिंतीला आलेल्या ओलीचा डाग आहे. आता तो डाग काठी आपटत बोलत होता.

“धाकट्या, हे कोण उभे आहेत इतके?”

फिरून चष्मेवाल्यांकडे परत आलेला पत्रा त्यांच्या हातातून खाली पडला. तो कुर्र न करता पडला.

“अक्का,” ते कसेबसे म्हणाले, “बावीस वर्षांपूर्वी, त्या दिवशी, तुम्ही इथं… अशाच…?”

“कुठल्या दिवशी? ते लोक माझ्या स्वयंपाकघरातून वायर घेऊन गेले होते त्या दिवशी? होते की. मला बरं आठवतं. नुकती न्हाऊन आले होते, आणि सगळ्या घराची वीज गेली. मी इथवर आले सांगायला, की बाबांनो, फ्यूज उडालाय, तुमचे दिवे काढा. तर सगळे मलाच ‘शू, शू’ करायला लागले. एकानं तर तोंडावर टॉर्च मारली.”

“मग?” एकोणीस जणांनी विचारले.

“मग काय? परत गेले. अंधारात चाचपडत गार जेवण जेवले. विजेचं बिल मात्र मी भरलं.”

बावीस वर्षे एका जागी वाकून काम करणाऱ्याने एकदम पाठ सरळ करावी आणि ती सरळ होते आहे हेच त्याला खरे वाटू नये, तसे काहीसे त्यांचे झाले असावे. त्या अंधारातल्या एकोणीस मिनिटांचे काय करायचे, हे कोणालाच कळेना. गणवेशातले चार खरे होते. पाचवी सावलीही खरी होती. सगळेच बरोबर होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

डावीकडच्या एकाने क्षीण प्रयत्न केला. “पण त्या जर फ्यूज उडाल्याचं सांगायला आल्या, आणि आपल्याला ते आज कळतंय, तर निरोप पोचायला…”

“पुरे,” चष्मेवाले म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता. ते मिस्त्रींच्या शेजारी पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सगळे कळले होते, आणि ते त्यांना मुळीच मानवले नव्हते. दोघे शेजारी शेजारी बसले तेव्हा मागून पाहणाऱ्याला कोण कोणता ते सांगता आले नसते.

“आता काय करायचं?” चष्मेवाले म्हणाले. ते कोणाला विचारत होते कोण जाणे.

“आता मला खाली न्यायचं,” अक्का म्हणाली.

मिस्त्री वर आत जाऊन हात असलेली लाकडी खुर्ची घेऊन आले. अक्काने टॉवेल सोडून केस बांधले आणि दारापासूनच पुढची आज्ञा दिली: “घाई करा.” मिस्त्रींनी कुलूप लावले. अक्का खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेतली. पुढचे दोन पाय चारवाल्यांनी धरले, मागचे दोन पाचवाल्यांनी, आणि वळणावर खुर्चीला खालून आधार द्यायला चष्मेवाले स्वतः पुढे उलटे उतरू लागले. बाकीचे दर सहा पायऱ्यांनी पाळी बदलणार होते. मिस्त्री किल्ली खिशात टाकून पुढे वाट मोकळी करत होते. बावीस वर्षांत दोन्ही फळ्यांनी मिळून उचललेली ही पहिलीच वस्तू.

दुसऱ्या पायरीवर चष्मेवाल्यांच्या कपाळावर घाम आला. चौथ्या पायरीवर चष्मा नाकावरून घसरला आणि वर करायला हात मोकळा नव्हता.

“मिस्त्री,” ते पायांखालची पायरी चाचपत म्हणाले, “उद्या सकाळी कार्यालय उघडायच्या आत अर्ज मागे घेतो.”

“दोन्हीकडच्या सह्या लागतील.”

“लागतील कशाला, मी आत्ता करतो,” खुर्चीचा डावा पाय धरलेला चारवाला म्हणाला. “फक्त कोणीतरी हा पाय धरा.”

सहाव्या पायरीवर पाळी बदलली. नवव्या पायरीवर ते अर्ध्यात पोचले. तिसरा मजला खाली, चौथा वर. जाळीच्या पलीकडे टाळे लावलेली, आता कसलाच आवाज न करणारी लिफ्ट. इथेच. एवढ्यात अक्काने हात वर केला.

खुर्ची थांबली. सगळे थांबले. एकोणीस चेहरे अक्काकडे वळले. शेवटच्या दृश्यात ती सावली काहीतरी बोलते असे पाचवाले बावीस वर्षे सांगत आले होते. आवाज फक्त आला नव्हता. सवय इतक्या लवकर सुटत नाही. चष्मेवाल्यांनी घसरलेल्या चष्म्यावरून वर पाहिले. एकाने वहीचे पान उलटले.

अक्काने आपल्या पायांकडे, त्या वाफेतून जेवढे दिसत होते तेवढे, नीट निरखून पाहिले.

“कोणीतरी जरा वर जाता का रे?” ती म्हणाली. “माझ्या चपला राहिल्या.”